आगोटीची बेगमी: रहस्यकथा, हेरकथा आणि हातातून न सुटणारी पुस्तकं सुचवा

सड्यावरची:
सुकी मासळी डब्यात गेली, आमसुलं-कुळीथ भरून झाले, पडवीला झापं बांधली. राहिली ती पुस्तकं. आम्ही गुहागरच्या बाजूला सड्यावर राहतो. पाऊस लागला की लाईट जाते आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. त्यामुळे 'ऑनलाइन मिळेल', 'ऑडिओबुक ऐका' हे सल्ले कृपया नकोत. कागदावर छापलेलं सांगा.

वाचणारे आम्ही तिघं. सासरे बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेले, पहिल्या चार पानांत प्रेत पडलं नाही तर त्यांना पुस्तक सपक लागतं. मुलगा नववीत. मराठी वाचतो, पण 'बोअर' हा त्याचा आवडता शब्द. आणि मी. मला खुनी कोण ते शेवटपर्यंत न कळणारं हवं. मधूनमधून खून नसलेलं, पण तितकंच धरून ठेवणारं काही असेल तर तेही सांगा.

गजालीकार:
सासऱ्यांक माझो नमस्कार सांगा. माझ्या आजोबांनी ट्रंक भरान झुंजार नि काळापहाड जमवलेले. आवशीन वाळवीच्या भीतीन ते खळ्यात सुकत घातले, नि आमी भावंडांनी थयच उन्हात बसान वाचले. आता पुढचा प्रमाण भाषेत लिवतंय, नायतर मुंबयवाले कुरकुरतले.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. टोपणनावातलं अर्नाळा आपल्याच किनाऱ्यावरचं, विरारजवळचं. गिरगावात चष्म्याचं दुकान चालवून या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या! सासऱ्यांनी झुंजार आणि काळापहाड वाचले असणारच, त्यांना धनंजय-छोटूच्या गोष्टी शोधून द्या. धनंजय हा होम्सच्या जातकुळीतला, तर्काने चालणारा. झुंजारसारखा भिंतीवरून उड्या मारत नाही. अर्नाळकरांचे निवडक संग्रह अलीकडे नव्याने छापले गेलेत, त्यांचा टाइप जुन्या पुस्तकांपेक्षा डोळ्यांना बरा.

खाडीकाठ:
अर्नाळकर सासऱ्यांसाठी ठीक, पण मुलाच्या हाती देऊन 'बघ, आमच्या वेळी काय होतं' असं म्हणू नका. मी मोठेपणी पुन्हा वाचायला घेतले आणि निराश झालो. खलनायक आला की तो खलनायक आहे हे त्याच्या डोळ्यांवरूनच कळतं. धागेदोरे वाचकापुढे नीट ठेवलेलेच नसतात. नायकाला जे कळतं ते आपल्याला शेवटच्या प्रकरणात सांगतात. रहस्यकथेत वाचकाला खेळायला पत्ते मिळाले पाहिजेत.

चाकरमानी:
@खाडीकाठ, पत्ते खेळायला वेळ कुणाकडे होता? ती पुस्तकं गिरणीतून सुटलेल्या, लोकलला लोंबकळत घरी जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेली. पातळ पुस्तक, मोठा मथळा, भाड्याने आणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं. माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत होतं, पण पुस्तक पुरं करायची सवय लागली ती काळापहाडमुळे. त्यांनी पुढे पेंडसे वाचले, दळवी वाचले. शिडीची पहिली पायरी सोन्याची नव्हती म्हणून कोणी रडत नाही.

खाडीकाठ:
मान्य. पण धाग्यावर प्रश्न आहे आज काय वाचावं हा, काल कोणी काय वाचलं हा नव्हे.

मुरुडची काकू:
भांडा निवांत, मी तोवर उत्तर देते. सड्यावरची, मुलासाठी फेलूदा. सत्यजित राय यांच्या या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्यात, रोहन प्रकाशनाची पुस्तकं आहेत. राय यांनी त्या 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी लिहायला सुरुवात केली १९६५ मध्ये. त्यामुळे रक्तबंबाळपणा नाही, पण चुरस पुरेपूर. गोष्ट सांगतो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे. पुढे त्यांच्यात लालमोहनबाबू येतात, टोपणनाव जटायू. ते स्वतःच रहस्यकथा लिहितात आणि त्यांत हमखास घोडचुका असतात. नववीतल्या पोराला जटायू आवडला नाही तर मला येऊन सांगा.

आणखी एक फायदा. प्रत्येक गोष्ट वेगळ्या गावी घडते. जैसलमेर, गंगटोक, काशी, आणि एक तर आपल्या वेरूळच्या लेण्यांत. माझ्या भाचीने ती वाचून सुट्टीत वेरूळला जायचा हट्ट धरला होता.

रातराणी:
फेलूदाला अनुमोदन. सोबत फास्टर फेणे द्याच. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो आणि सायकलवरून नसत्या उचापती करत फिरतो. भाषा इतकी चुरचुरीत आहे की 'बोअर' म्हणायला उसंत मिळत नाही. ट्टॉक्!

बांदावरचा:
ताई, तुम्हाला खुनी न कळणारं हवं म्हणता, मग अगाथा ख्रिस्तीला पर्याय नाही. दोन सांगतो. 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९). बेटावर दहा माणसं, बाहेर वादळ, होडी येत नाही आणि एकेक जण मरतोय. जुलैत आपल्याकडे बाहेर तसाच दर्या खवळलेला असताना हे वाचायचं म्हणजे काय, ते वाचूनच कळेल. दुसरं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६). याच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. मागचं कव्हर वाचू नका, प्रस्तावना वाचू नका, कोणाशी चर्चा करू नका.

चाकरमानी:
अ‍ॅक्रॉइडमध्ये तर तो जो...

बांदावरचा:
खबरदार!

मुरुडची काकू:
चाकरमानी, एक शब्द पुढे टाईप केलास तर गणपतीत घरी मोदक मिळणार नाहीत.

रातराणी:
यावरून आठवलं. एका वाचनालयातून (नाव सांगत नाही, आता तिथली माणसं बदललीत) आणलेल्या रहस्यकथेत पहिल्याच पानावर, पात्राचं नाव प्रथम येतं तिथे, कोणीतरी पेन्सिलीने 'हाच तो' लिहून बाण काढला होता. मी पुस्तक पुरं केलं. तो नव्हताच! लिहिणाऱ्याने मुद्दाम फसवलं होतं. इतकी मजा मूळ पुस्तकातही नव्हती.

गजालीकार:
असो माणूस माका शेजारी होयो.

बांदावरचा:
ख्रिस्तीबद्दल एक राहिलं. तिच्या कादंबऱ्यांत विष फार, कारण पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयात आधी परिचारिका म्हणून आणि मग औषधं तयार करण्याच्या विभागात काम केलं होतं. कुठलं औषध कशात मिसळलं की काय होतं, किती वेळाने होतं, हे तिला पुस्तकी नव्हे तर हाताळून माहीत होतं. तिची पहिली कादंबरी 'द मिस्टीरिअस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' १९२० ची. त्यातलं विष स्ट्रिक्निन. हे स्ट्रिक्निन येतं कुठून? काजऱ्याच्या बियांतून. आपल्याकडे रानात, सड्याच्या कडेला काजऱ्याची झाडं आहेतच. नारिंगी फळं आणि आत बटणासारख्या चपट्या बिया. लहानपणी 'तोंडात घालू नकोस, मरशील' म्हणून धपाटा खाल्लेला प्रत्येक कोकणी माणूस ही कादंबरी थोड्या वेगळ्या नजरेने वाचतो.

सड्यावरची:
अगंबाई, आमच्या मागच्या बांधावर काजऱ्याचं झाड आहे. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते माझ्या चहाकडे संशयाने बघतील.

सर्पमित्र:
विषावरून विषय निघालाय तर मनातली एक तक्रार सांगून टाकतो. शेरलॉक होम्स माझा लाडका. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स वाचून मी मोठा झालो. चार कादंबऱ्या आणि छप्पन कथा, सगळं वाचलंय. पण 'द स्पेकल्ड बँड' या १८९२ च्या कथेत तो साप बशीतलं दूध पितो, शिट्टी ऐकून परत येतो आणि दोरीवरून चढतो-उतरतो! मी फुरशांच्या मुलखात साप पकडतो. साप दूध पीत नाही. त्याला बाहेरचा कान नसतो, हवेतली शिट्टी ऐकून हाक मारल्यासारखा तो काही येत नाही. आणि कोनन डॉयलने सांगितलेला 'स्वॅम्प अ‍ॅडर' नावाचा साप हिंदुस्थानात नाहीच.

मुरुडची काकू:
आणि तू गोष्टीचा शेवट फोडलास त्याचं काय?

सर्पमित्र:
सव्वाशेहून जास्त वर्षं झाली काकू. एवढ्या वर्षांत ज्यांनी वाचली नाही त्यांची जबाबदारी माझ्यावर नाही.

खाडीकाठ:
तरीही होम्स द्यायचा तर 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' पासून सुरुवात करा. दलदल, धुकं, रात्रीचं भुंकणं आणि पिढीजात शाप. शाप आणि राखणदार यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे घरचंच वाटतं. फरक एवढाच की होम्स शेवटी शापाचा पंचनामा करतो. आपल्याकडे शेवटी नारळ देऊन मोकळे होतात.

चाकरमानी:
सुहास शिरवळकर कोणी सांगितले नाहीत अजून? 'दुनियादारी'मुळे त्यांना सगळे ओळखतात, पण रहस्यकथांत त्यांची फौजच आहे. बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद. कोर्टातली उलटतपासणी आवडत असेल तर अमर विश्वास घ्या. शिरवळकरांचे संवाद असे धावतात की मांडवी एक्सप्रेसने दादरला पुस्तक उघडलं की मान वर होते ती थेट चिपळूणला. अर्नाळकर आणि आजचा वाचक यांच्यातला पूल म्हणाल तर हेच. तुमच्या घरात सासरे आणि मुलगा दोघांना चालेल असं एकच नाव विचारलंत तर मी शिरवळकर सांगेन.

हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारे दुसरे गुरुनाथ नाईक. लष्करी, हेरगिरीची धाटणी आवडत असेल तर तेही. मात्र जुन्या प्रती धुंडाळाव्या लागतात.

रातराणी:
खून नको पण झोप उडवणारं हवं तर नारायण धारप. 'लुचाई' घ्या. त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथा घ्या. घरात एकटं असताना, लाईट गेलेली असताना घेऊ नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

'तुंबाड' (२०१८) चित्रपटाचं बीजही धारपांच्या कथेतलं, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. चित्रपट बघून माझ्या एका मैत्रिणीने ती कादंबरी मागवली. चित्रपटातला तो राक्षस हस्तर कुठे येतो म्हणून वाचत राहिली. हस्तर नाही, खोतांच्या पिढ्यान् पिढ्या निघाल्या. दोन जाडजूड खंड! पण ठेवता आलं नाही म्हणाली.

बांदावरचा:
मुद्द्यावर आलात. सड्यावरचीताई, तुम्ही 'खून नसलेलं पण धरून ठेवणारं' मागितलंय ना, मग 'तुंबाडचे खोत' हेच उत्तर. जगबुडीच्या काठावरचं खेड तालुक्यातलं तुंबाड. सत्ता, जमीन, हव्यास, बायकांचे सोसलेले दिवस. आणि प्रत्येक पिढीत काहीतरी दडवलेलं, जे पुढच्या पिढीला भोवतं. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांना इथल्या माणसाचा आतल्या गाठीचा स्वभाव बरोबर ठाऊक होता. त्यांचं 'हत्या' मात्र नाव बघून सासऱ्यांना देऊ नका, पहिल्या चार पानांत प्रेत पडायची वाट बघत बसतील.

गजालीकार:
दक्षिणेकडे पण येवा वायच. चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'कोंडुरा' आणि 'रात्र काळी, घागर काळी'. कोंडुरा म्हणजे वेंगुर्ल्याजवळचा खराखुरा किनारा, पावसाळ्यात तिथे समुद्राचा आवाज ऐकलात की कादंबरी कुठून आली ते कळतं. यात गुप्तहेर नाही. पण देवाने दिलेला वर खरा की मनाचा खेळ, हे कोडं खानोलकर सोडवून देत नाहीत. माका त्याचो राग येता, नि तरी दर दोन-चार वर्षांनी परत वाचतंय.

हे जड वाटलं तर जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. आरवलीची माणसं. हसून पोट दुखेल आणि दोन पानांनी घसा दाटेल.

मुरुडची काकू:
ती 'रडवणारं नको' असं म्हणाली नाहीये, पण दळवी तिच्या हातात देताना रुमाल द्या सोबत.

सड्यावरची:
द्या, द्या, सगळं लिहून घेतेय. पण मला एक सांगा, आपल्या किनाऱ्यावर घडणारी, अस्सल, खुनी-शोधाची मराठी मालिका का नाही? गोव्याच्या हद्दीपासून डहाणूपर्यंत एवढा मुलूख पडलाय.

खाडीकाठ:
कारण इथे ती चालणारच नाही. रहस्यकथेला अनोळखी माणसं लागतात. आमच्या वाडीत खून सकाळी झाला तर दुपारी गिरणीवर पीठ दळायला गेलेल्या बाईला खुनी, कारण आणि कोयती कोणाची होती, सगळं माहीत असेल. मग डिटेक्टिव्हने करायचं काय?

बांदावरचा:
साफ चूक. ख्रिस्तीची मिस मार्पल आठव. सेंट मेरी मीड हे तिचं गाव म्हणजे एक वाडीच. ही म्हातारी विणकाम करत बसते आणि लंडनहून आलेल्या पोलिसांना जे दिसत नाही ते हिला दिसतं. का? तर अमका माणूस वागतोय तो आमच्या गावच्या तमक्यासारखा वागतोय, हे तिला ठाऊक असतं. गावगप्पा हेच तिचं हत्यार. अशा म्हाताऱ्या आपल्याकडे दर वाडीला दोन आहेत. सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण पोलिसांसमोर कोणी बोलत नाही. रहस्य तिथे आहे. खुनी कोण हा प्रश्नच नाही, गप्प कोण कोण आहे आणि का, हा प्रश्न.

रातराणी:
वा! आणि हेतू शोधायला लांब जायला नको. सातबारा काढा. सामाईक जमीन, चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, दोघं मुंबईत, एक बेपत्ता. बंद घर, मागे हापूसची कलमं आणि रस्ता रुंद होणार अशी आवई.

कीगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' मिळाली तर बघा, इंग्रजी अनुवाद आहे. खून कोणी केला ते सुरुवातीलाच कळतं. तरी शेवटी आपण तोंडावर पडतो, कारण आपण चुकीचा प्रश्न विचारत असतो. बांदावरचा म्हणतोय ती कोकणी कादंबरी अशी लिहिता येईल.

चाकरमानी:
आणि शोध कोण घेणार? इन्स्पेक्टर तालुक्याहून येईपर्यंत ओढ्याला पाणी आलेलं. पोलीस पाटील हवा. गावातलाच माणूस, खुन्याचा चुलता, मयताचा शाळासोबती. त्याला कायद्याचं काम आहे आणि शिमग्यात पालखीही सगळ्यांसोबत नाचवायचीय.

गजालीकार:
पाटलाची बायको सोडवतली. तो नुसतो रिपोर्ट लिवतलो.

खाडीकाठ:
कल्पना झकास, पण एक अडचण आहेच. कोकणात खून होत नाहीत, दावे होतात. माणूस मारून मोकळं होण्यापेक्षा त्याला तीस वर्षं कोर्टात फिरवण्यात आम्हाला जास्त समाधान.

मुरुडची काकू:
कादंबरी लिहून होईपर्यंत पुस्तकं कुठून आणायची ते सांगते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, जुन्या रहस्यकथांची चौकशी तिथे करा. चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ चं. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या पुस्तकांचं फार नुकसान झालं, तरी वाचनालय पुन्हा उभं राहिलंय. गुहागरहून तुम्हाला तेच सोयीचं. आणि घरी पुस्तकं खालच्या फळीवर नको. मध्ये वेखंडाचे तुकडे ठेवा, कसर लागत नाही. दमट कपाट अधूनमधून उघडं ठेवा.

सड्यावरची:
ठरलं. सासऱ्यांना धनंजय-छोटू आणि अमर विश्वास. मुलाला फेलूदा आणि फास्टर फेणे. मला आधी अ‍ॅक्रॉइड, मग 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड. धारप मात्र दीर गणपतीला गावी आले की, म्हणजे घरात माणसं असताना. काजऱ्याच्या झाडाबद्दल घरात बोलायचं नाही.

फेरफार:
गेली कित्येक वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. मी तलाठी आहे. रातराणी यांनी सांगितलेला सातबारा माझ्या सजात आहे, फक्त नावं चाळीस नाहीत, त्याहून जास्त आहेत. वारस नोंदीसाठी माणसं येतात तेव्हा 'आणखी कोणी वारस आहे का' असं विचारल्यावर जी शांतता पसरते, ती मी कुठल्याही रहस्यकथेत वाचलेली नाही. तुमच्या कादंबरीत खुनी कोणीही करा, तलाठ्याला साक्षीदार ठेवा. त्याच्याकडे कागद असतात आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

यादीत एक भर. व्योमकेश बक्षी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये त्याला आणला. स्वतःला तो गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सासरे १९९३ ची दूरदर्शनवरची मालिका नक्की बघायचे, विचारून बघा.

सड्यावरची:
विचारलं. 'रजित कपूर' म्हणून लगेच सांगितलं. आता म्हणतायत अर्नाळकर राहू दे, आधी तो आण.